सायकल विकली, मग पुढे?

(आपल्या संघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांतल्या ताईंसाठी ते इथे देत आहोत.)



सकाळी दहापासून तुम्ही बसल्या आहात. मागे वरण-बट्टीचा वास सुटलाय आणि वांग्याची भाजी तयार आहे हे मलाही कळतंय. तरी थोडा वेळ द्या. आजच्या सभेत चौथा ठराव आहे तो धुळ्याला आपलं दुसरं विक्री केंद्र सुरू करण्याचा. ठराव चांगला आहे. मी त्याच्या बाजूनेच आहे. पण हात वर करण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आज सगळ्यांसमोर सांगून टाकते.

सुरुवात सायकलपासून करते. तुम्ही म्हणाल, बिबड्यांच्या सभेत सायकल कुठून आली? थांबा जरा.

माझ्या पप्पांचं सायकलचं दुकान आहे. अमळनेरच्या बाजूला, रस्त्याला लागून, पत्र्याचं. मी लहान होते तेव्हा दुकानात एक पंप, पाण्याचं घमेलं, चार पाने, सोल्युशनची ट्यूब आणि भिंतीला टांगलेले जुने टायर, एवढंच होतं. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे मी चौथीत शिकले. दूधवाले काका, शाळेचे शिपाई, मळ्यात जाणारे सालदार, सगळ्यांच्या सायकली पप्पांना ओळखीच्या होत्या. माणूस दूर असतानाच चेनच्या आवाजावरून सांगायचे, अमक्याची सायकल येतेय, तेल मागतेय.

मी नववीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या सायकली आल्या. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल, तुमच्यापैकी किती जणींच्या मुली त्या सायकलवर शिकल्या असतील! सायकली खोक्यांत सुट्या येतात. हँडल वेगळं, चाकं वेगळी, ब्रेक वेगळे. चाळीस सायकलींच्या फिटिंगचं काम पप्पांना मिळालं. आमच्या घरात त्याआधी एवढं मोठं काम कधी आलं नव्हतं. त्या भरवशावर पप्पांनी बस स्टँडजवळ दुसरी टपरी घेतली आणि कामाला एक मुलगा ठेवला. मुलगा गुणी होता, हात भरभर चालायचा. पप्पा सकाळी इकडे, दुपारी तिकडे.

मग काय झालं? जुन्या दुकानावर दूधवाले काका यायचे आणि पप्पा नसायचे. एकदा थांबले, दोनदा थांबले, तिसऱ्यांदा पुढच्या चौकात गेले. भांडले नाहीत, काही बोललेही नाहीत. गिऱ्हाईक जातं ते असं, बरं का. जे भांडायला येतं ते अजून आपलं असतं.

आणि पंधरा-वीस दिवसांनी माझ्याच वर्गातली एक मुलगी उतारावर पडली. मागचा ब्रेक लागलाच नाही. हनुवटीला टाके पडले. संध्याकाळी तिचे वडील दुकानात आले. पप्पांनी सायकल उलटी केली आणि सीटखाली बघितलं. तिथे बघायचं कारण सांगते. पप्पा स्वतः जी सायकल जोडायचे, तिच्या सीटखालच्या पत्र्यावर खिळ्याने तारीख कोरायचे. ही सवय त्यांना त्यांच्या उस्तादाने लावलेली. या सायकलवर तारीख नव्हती. म्हणजे ती त्या मुलाने जोडलेली, आणि पप्पांनी तपासलेली नव्हती.

माझी आई म्हणाली, मुलाच्या पगारातून कापा. पप्पा म्हणाले, "त्याला तपासून कोणी दाखवलं होतं? मी तर स्टँडवर होतो." दुसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पांनी दोन्ही दुकानं बंद ठेवली, पाने पिशवीत टाकले आणि त्या मुलाला घेऊन मुलींच्या घरोघरी गेले. ज्या सायकलीवर तारीख नव्हती तिचे ब्रेक, नट, चाकाचा आऊट, सगळं बघितलं. तीन रविवार लागले. पैसे घेतले नाहीत. आई चिडलेली होती, घरात पैशाची ओढ होती आणि फिटिंगचं बिल अजून यायचं होतं. तेव्हा पप्पा आमच्या बोलीत एवढंच म्हणाले, "सायकल इकी टाकी म्हंजे काम सरनं का?"

त्या वेळी मलाही वाटलं होतं की पप्पा जरा जास्तच करताहेत. कॉलेजात असताना ग्रंथालयात किर्लोस्करांबद्दल वाचलं आणि पप्पा आठवले. किर्लोस्कर म्हटलं की तुम्हाला विहिरीवरचा पंप आठवेल. पण त्या घराची सुरुवात पंपाने नाही झाली, नांगरानेही नाही. ती झाली सायकलच्या दुकानाने. 1888 साली, बेळगावात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईत होते. चित्रकला शिकायला गेले होते, पण रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, म्हणून यंत्रांच्या चित्रांकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. ते मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथे त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. एक सायकल 700 ते 1000 रुपयांना. त्या काळातले हजार रुपये, बरं का! सायकल म्हणजे मोठ्या लोकांचीच चीज होती.

आता विचार करा. एवढे पैसे देऊन माणसाने सायकल घेतली आणि त्याला ती चालवताच येत नाही. गावात दुसऱ्या कोणालाही येत नाही. तो काय करेल? दोनदा पडेल, तिसऱ्यांदा सायकल गोठ्यात उभी करेल आणि गावभर सांगेल की किर्लोस्करांनी फसवलं. मग या भावांनी काय केलं, तर 15 रुपये घेऊन लोकांना सायकल चालवायला शिकवली. दुरुस्तीही तेच करायचे. विकणं, शिकवणं आणि बिघडलं तर नीट करणं, तिन्ही एका दारात. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट शिकवण्याची वाटते. गिऱ्हाइकाला वस्तू वापरता येत नसेल तर तो त्याचा अडाणीपणा आहे असं त्यांनी म्हटलं नाही. तेही आपलंच काम आहे असं धरलं.

पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. मग कडबा कापायचं यंत्र आलं, आपण कुट्टी करतो तसलं, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष लागतं, पीक मरतं, असं तेव्हा शेतकरी समजायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. दोन वर्षं! आपला एखादा लोणच्याचा प्रकार दोन महिने खपला नाही तर आपण बैठकीत एकमेकींकडे रागाने बघतो.

1910 मध्ये बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना वाढला, नांगर लांबलांब जायला लागले. बेळगावात गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचं, तोंडावर बोलायचं. आता तो कुठल्या तरी दूरच्या गावात, आणि कारखाना माळावर. दोघांची तोंडंच एकमेकांना दिसत नाहीत.

खरी अडचण ही आहे, बहिणींनो. धंदा लहान असतो तेव्हा गिऱ्हाइकाची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही, ओळखच ते काम करते. धंदा वाढला की ओळख पातळ होते. माणसं वाईट होत नाहीत, आळशी होत नाहीत, फक्त समोर नसतात. मग जे काम ओळख करत होती ते कोणाला तरी नेमून द्यावं लागतं.

किर्लोस्करांनी त्यासाठी बऱ्याच गोष्टी केल्या असतील. मला आवडलेली एक सांगते. 1920 मध्ये त्यांनी एक छोटं मासिक काढलं, 'किर्लोस्कर खबर'. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. कारखान्याची खबर दूरच्या लोकांना कळावी म्हणून ते निघालं. ते इतकं वाढलं की पुढे नुसतं 'किर्लोस्कर' नावाचं मोठं मासिक झालं, आणि 1930 मध्ये त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघालं, बायकांसाठी. तुमच्यापैकी कोणाच्या आजीने ते वाचलं असेल. सायकलच्या दुकानापासून 'स्त्री'पर्यंत! आपलं हे संघाचं वार्तापत्रही त्याच जातीचं आहे असं मी मनातल्या मनात समजते. हसू नका.

आता बिबड्यांकडे येते, आणि माझ्या चुकीकडे.

आपले बिबडे कसे होतात ते तुम्हाला मी काय सांगणार. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-जिरं घालून हाटायची, पहाटे उठून ओल्या कापडावर थापायची आणि चैत्राच्या उन्हात कडक वाळवायची. घाटा खायला पोरं चुलीभोवती बसतात. आत्तापर्यंत आपण गावात, तालुक्याच्या बाजारात आणि जळगावच्या प्रदर्शनात विकत होतो. घेणारी बाई आपल्यातलीच. तिला माहीत असतं की तेल कडक तापलं पाहिजे, नाहीतर बिबडा तेल पितो.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याहून ऑर्डर आली. आपल्या खान्देशातल्याच, नोकरीमुळे तिकडे राहणाऱ्या लोकांकडून. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी ऑफिसात सांगितलं. बघता बघता सव्वाशे पाकिटं गेली. आपण सगळ्यांनी फोटो काढले, स्टेटसला ठेवले. मीसुद्धा.

पाकिटावर तक्रारीसाठी नाव, पत्ता आणि फोन नंबर छापावा लागतो, तो नियमच आहे. घाईत तिथे नंबर माझा छापला. कोणी ठरवलं नव्हतं, माझा पाठ होता म्हणून. आणि पाकिटं पुण्याला पोचली त्या आठवड्यात मी सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यांवर होते. रेंज नाही. परत आले तर फोनवर अकरा तक्रारी. काही जणींनी फोटो पाठवले होते. एकीने लिहिलं होतं, "तीन दिवस झाले, कोणी बोलत का नाही?"

मी काय केलं असेल? घाबरले. आणि घाबरून आणखी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. वाटलं, गटाला विचारू, मग लिहू. पाच दिवस ती बाई वाट बघत होती आणि तिने घेतलं ते नाव माझं नाही, तुमचं. 'त्या खान्देशातल्या बायकांनी फसवलं,' असं.

शेवटी एकेकीला फोन केला. अकरापैकी चार जणींच्या बिबड्यांत काहीच खोट नव्हती. एकीने कोमट तेलात टाकले होते. दुसरीने पोह्याच्या पापडासारखे तव्यावर ठेवून बघितले. तिसरीला वाटलं की हे असेच खायचे. चौथीचं तेलच तापलं नव्हतं. म्हणजे सायकल घेतली, पण चालवायला कोणी शिकवलं नाही. फोनवर समजावून सांगितलं, तर दोघींनी त्याच दिवशी तळून फोटो पाठवले, आणि एकीने पुन्हा तीन पाकिटं मागवली.

उरलेली सात पाकिटं मात्र खरंच खराब होती. वातड, आणि एकदोन पाकिटांत वास. त्या वर्षी मध्येच दोन दिवस आभाळ आलं होतं, आठवतं? त्या दोन दिवसांचा माल पुरता वाळला नव्हता. ती सात पाकिटं बदलून दिली. पाकीट 90 रुपयांचं, कुरिअर 70. म्हणजे 1120 रुपये गेले.

आणि मग गटाच्या बैठकीत भांडण झालं, ते तुम्हाला माहीत आहे. मी लपवत नाही. एक मावशी म्हणाल्या, "माझे बिबडे कडक वाळलेले होते. मी आभाळ आलं तसे घरात घेतले, दुसऱ्या दिवशी परत ऊन दाखवलं. मग माझ्या वाट्यातून का कापता?" त्यांचं काय चुकलं सांगा? काहीच नाही. आणि ज्यांचे खराब निघाले असतील त्या म्हणाल्या, "आमचेच होते कशावरून?" त्याही चुकीच्या नाहीत. सगळ्या घरांचा माल एकाच पोत्यात ओतला, एकसारख्या पाकिटांत भरला. कोणाचं काय, आता देवालाही सांगता येणार नाही. बारा जणींत सारखे वाटून घेतले, प्रत्येकीचे 93 रुपये आणि वर थोडे पैसे. रक्कम मोठी नाही, पण मावशी तेव्हापासून बैठकीला येत नाहीत. आजही आलेल्या नाहीत. पुण्याचं गिऱ्हाईक आपण सांभाळलं आणि घरातली मावशी गेली. मला रात्री झोप लागत नाही ती त्या 1120 रुपयांमुळे नाही.

पप्पांना हे सांगितलं. ते चाकाचा आऊट काढत होते, मान वर न करता म्हणाले, "सीटखाली तारीख टाकायला पाहिजे होती."

म्हणून ठराव चारच्या आधी मी काही गोष्टी मांडते आहे. कोषाध्यक्षताईंशी बोललेय, त्यांना खर्च झेपतोय.

पाकीट भरताना प्रत्येक घराचा आणि दिवसाचा माल वेगळा ठेवायचा, आणि पाकिटाच्या मागे पेनने एक खूण टाकायची. घराचा आकडा आणि वाळवणाची तारीख. ही खूण कोणाला पकडण्यासाठी नाही. मावशींसारख्या बाईचं नाव स्वच्छ राहावं म्हणून आहे. आणि ज्या घराचा माल परत येईल, त्या घरी आधी कोणीतरी जाऊन बघायचं, की त्या दिवशी तिथे काय झालं. आभाळ आलं होतं का? घरात आजारी कोणी होतं का? वाळवणाला गच्ची आहे की अंगणच? पैशाचा विषय नंतर. पप्पांनी त्या मुलाचा पगार कापला असता तर ब्रेक कसे बघायचे हे तो शिकलाच नसता. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, तोही सीटखाली तारीख कोरतो.

दुसरं, पाकिटात एक चिठ्ठी. मोठ्या अक्षरात, चार ओळी. तेल कडक तापवा, एकेक सोडा, लगेच काढा. भाजायचे असतील तर निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर, उलटसुलट करत. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. छपाईला पैसे लागतील, पण अकरातल्या चार तक्रारी तिथेच संपल्या असत्या.

विक्रीच्या पैशातून पाकिटामागे 2 रुपये बाजूला काढायचे. बदलून द्यायची वेळ आली तर त्यातून. म्हणजे कोणाच्या वाट्याला हात लावायला नको आणि भांडायला नको. वर्षअखेर उरले तर सगळ्यांत वाटायचे.

काही जणी म्हणतील, बदलून दिलं की लोक खोटं बोलून फुकट घेतील. घेतील एखाद-दुसरी. पण अकरा जणींशी मी बोलले, त्यात फसवणारी एकही नव्हती. उलट एकीला मी पाकीट बदलून देते म्हटलं तर ती म्हणाली, राहू द्या, फक्त पुढच्या वेळी बघा.

आणि धुळ्याचं केंद्र. ते उघडताना इथल्या जुन्या गिऱ्हाइकांचं काय, हे आधी ठरवा. बाजारात दर आठवड्याला आपल्याकडून घेणाऱ्या बायका आहेत. सगळा चांगला माल धुळ्याला आणि पुण्याला, आणि बाजारात तुकडे, असं करू नका. मी हे दोन आठवड्यांपूर्वी होताना बघितलंय. तुकड्यांची पिशवी अर्ध्या किमतीत, हे ठीक आहे, पण तुकडे म्हणून सांगून. दूधवाले काका पप्पांच्या दुकानावर परत आले नाहीत. स्टँडची टपरी पप्पांनी वर्षभरात बंद केली तरी नाही आले.

शेवटचं, फोनचं. माझा नंबर पाकिटावरून काढायचा. मी आज इथे आहे, उद्या संस्था मला दुसऱ्या तालुक्यात पाठवेल. गिऱ्हाईक तुमचं आहे, नंबरही संघाचा पाहिजे. संघाने साधा फोन आणि वेगळं सिम घेतलंय, ते या टेबलावर आहे. फोन पंधरा-पंधरा दिवस एकेका गटाकडे राहील. सोबत ही वही. कोणाचा फोन आला, काय म्हणाल्या, पाकिटामागची खूण काय, आपण काय सांगितलं, आणि कधी. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. उत्तर माहीत नसेल तरी फोन उचला आणि सांगा, की ताई, विचारून उद्या सांगते. आणि उद्या खरंच सांगा.

मावशींकडे मी परवा जाणार आहे. अध्यक्षताई सोबत येते म्हणाल्या आहेत. आणखी कोणाला यायचं असेल तर या, पण चारच्या वर नको, नाहीतर पंचायत बसल्यासारखं वाटेल त्यांना.

जेवणाआधी एवढंच ठरवून टाकू, पहिले पंधरा दिवस फोन कोणत्या गटाकडे. चार्जर मी आणलाय.